मोहरीचं खालचं पान

मनीषनगरात आमच्या शेजारी राहणारे सर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "समजलं ना?" विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत डोळ्यांत बघत राहायचे. मागच्या रिकाम्या प्लॉटवर पूर्वी भंगारवाले जुन्या बॅटऱ्या फोडायचे, त्यामुळे तिथल्या मातीत शिसं मुरलेलं. सरांनी तिथेच मोहरी पेरली. ती तरारून आली, पण तिच्यावर मला कधी माव्याची कीड दिसली नाही की मधमाशी.

"मोहरी बरंच शिसं मुळातच अडवते," ते एकदा म्हणाले. "उरलेलं पेशीतल्या पिशवीत कोंडून ठेवते अन् मजेत वाढते. समजलं ना?"

एका सकाळी मी गच्चीवरून पाहिलं, तर सर वाफ्यात उकिडवे बसून खालची जून पानं खुडून चावत होते. मी धावत खाली गेलो.

"सर, काय करून राहिले? विष आहे ते!"

"झाडाले सवय होते, तर मले काहून नाही होणार गा?" ते हसले. दातांच्या कडेनं त्यांच्या हिरड्यांवर निळसर काळी रेघ होती, बरेच दिवस शिसं पोटात गेलं की उमटते तशी.

मी त्यांना हाताला धरून ऑटोत बसवलं आणि रामदासपेठेतल्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत मी मुठी आवळून ऑटोवाल्याला घाई करत होतो. सरांनी माझी मूठ हळूच उघडली, तळव्यावर एक कोवळं पान ठेवलं आणि मायेनं म्हणाले, "भेऊ नको. तू लहान पानापासून सुरू कर."