कोऱ्या कागदावर आत्याची सही

'व्हाइब बरी नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रिक्षावाल्याचा शर्ट मळका, व्हाइब बरी नाही. भाडेकरूचं आडनाव वेगळं, व्हाइब बरी नाही. कसली अंतःप्रेरणा? घरात शिकवलेली घाण आहे ती! याविरुद्ध मी पत्रकं लिहिली, पनवेल स्टँडवर उभी राहून वाटली. आणि त्याच तोऱ्यात आत्याला गप्प केलं.

पनवेलजवळ आत्याच्या गावी, विचुंब्यात, पाण्यासाठी आमची सह्यांची मोहीम चालू होती. एक गृहस्थ आपणहून मदतीला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, झेरॉक्स स्वतःच्या खर्चाने, दिसेल त्या म्हातारीच्या पाया पडणार. आम्ही खूश. आत्याने मला बाजूला ओढलं.

"यो मानूस मना बरा वाटत नाय."

"का पण?"

"काय सांगू? यो आला का पोटात ढवलतं. समोर हाय त्याला काय इचारत नाय, जो घरात नाय त्याचीच चवकशी."

"आत्या, पोट म्हणजे पुरावा नव्हे!"

आमच्या मोहिमांची एक पद्धत आहे. सह्या आधी कोऱ्या कागदांवर घ्यायच्या, निवेदन मागाहून टाइप करून वर जोडायचं. वेळ वाचतो म्हणे. मीच पेन आत्याच्या हातात कोंबलं. टायपिंगसाठी कागद तो इस्त्रीवाला गृहस्थच घेऊन गेला.

दीड महिन्याने सरकारी कचेरीत तेच कागद दिसले. वर पत्र भलतंच: बिल्डरच्या रस्त्याला ग्रामस्थांची हरकत नाही. रस्ता आत्या भेंडी लावते त्या जमिनीच्या तुकड्यातून. पत्र घेऊन आलेला तोच.

आत्याच्या पोटात काही दैवी नव्हतं. चाळीस वर्षं ती बाजारात भाजी विकते. बोलता बोलता पाटीतली भाजी कोण पिशवीत सारतो, हे तिला त्याच्या मानेवरून कळतं. शब्द सुचायच्या आत अंग हिशेब करून मोकळं होतं. त्याला मी खुळेपणा समजले. आणि मी काय पाहिलं? इस्त्री! मळक्या शर्टावर संशय घेऊ नका असं जगाला सांगणारी मी, स्वच्छ शर्टावर डोळे मिटून विश्वास ठेवून बसले. तोही पूर्वग्रहच की. फक्त माझा होता, म्हणून दिसला नाही.

हरकतीचा अर्ज मी आत्याला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, मग तिने सही केली. सुनावणी अजून व्हायची आहे. तुकड्यात मोजणीच्या खुंट्या उभ्याच आहेत.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मला राहवलं नाही. "एवढं कळत होतं, तर तेव्हा सही केलीसच कशाला?" माझा आवाज चढलाच.

आत्या थांबली. "तू शिकलेली. तुजा नाय ऐकायचा, तं कुनाचा ऐकायचा?"