आम्ही स्लॅब मोजायचो

पुण्या-मुंबईचे लोक कंपनीचे अहवाल वाचून शेअर घेतात. आम्ही अंबाजोगाईत बसून स्लॅब मोजायचो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि समोरच्याला समजावून सांगायची खोड न गेलेला. दुसरे बियाणं-खतांच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणायचो. तिसरे एक्स-रेवाले मामा. मामांनी उभा जन्म सरकारी नोकरीत लोकांच्या हाडांचे फोटो काढले होते आणि ही गोष्ट घडली त्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. सकाळी बाजार उघडायच्या वेळेला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आमची बैठक बसायची. चहा अर्धा-अर्धा, मोबाइल तीन आणि मतं निदान पाच.

त्या वर्षी सगळा वाद एकाच कंपनीवर चालला होता. पुण्याबाहेर मोठमोठ्या इमारती बांधणारी कंपनी. ती शोधून काढली मीच. व्याजदर उतरणार, लोक फ्लॅट घेणार, बुकिंग वाढणार, असं मी फळ्यावर सिद्ध करून दाखवल्यासारखं सांगायचो. शेठ मान हलवायचे.

"बुकिंग होतंय म्हणं. पण राहायला कोण गेलंय, ते सांगा की. दिवा लागलेली एक खिडकी दाखवा मला."

"शेठ, तुमी बियाणं इकता तवा पीक दाखवून इकता का?" मामा म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

मामांकडे आमचं हुकमी पान होतं. त्यांचा भाचेजावई वडवणीकडचा, सेंट्रिंगचा मिस्त्री, नेमका त्याच कंपनीच्या साईटवर कामाला. दर सोमवारी मामा हॉटेलातूनच त्याला फोन लावत आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवत. "कितवा स्लॅब, जावाई?" तिकडून आवाज यायचा, "अकरावा भरला मामा, काम लई जोरात हाय." मामा आमच्याकडे असं बघायचे की जणू तो स्लॅब त्यांनीच भरला. आम्हाला केवढा माज होता त्या फोनचा! मोठमोठ्या दलालांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक, असं वाटायचं.

मी आणि मामांनी शेअर घेतले. माझे होते वरकड पैशांचे. मामांचं तसं नव्हतं. गावाबाहेर त्यांचा प्लॉट होता, पाया खणून झाला होता. त्या घराचे सगळे पैसे त्यांनी या कंपनीत टाकले. वर्षभरात दीडपट झाले की वरचा मजलाही होईल, हा हिशेब त्यांचा; त्यावर "हरकत नाही" असं म्हणणारा मी. सरकारी क्वार्टर सोडायची नोटीस आली होती, तीही मामांनी मुदत मागून पुढं ढकलली. मामी मला रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "सर, बांधकाम कवा सुरू करायचं हो?" मी म्हणायचो, "थोडं थांबा." असं सांगताना मला जराही भीती वाटत नव्हती, याची आज चीड येते.

दसऱ्याच्या आधी पुण्याहून येणाऱ्या गाड्यांमधून माणसं उतरायला लागली. बांधकामावरची माणसं, बायकापोरांसकट. शेठनी पहिल्यांदा विचारलं, "हे लोक कावून परत यायलेत?"

उत्तर सोपं होतं. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत माणसं कोयत्यावर जातात. मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो, नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला कारखान्याकडे निघते. बीडच्या पोरालाही हे कळतं. "उचल घेतली असंल," मामा म्हणाले. "आमचा जावाई मिस्त्री असून दरसाल जातोय." मी तर त्यावर व्याख्यानच दिलं: हंगामी मजुरांचं स्थलांतर आणि कंपनीची तब्येत यांचा काहीही संबंध नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात ती गर्दी बघून माणूस दचकला असता. आम्ही आपल्याच माहितीनं आंधळे झालो होतो.

त्यानंतरचे दोन सोमवार जावयानं फोन उचलला नाही. "रेंज नसंल," मामा म्हणाले. फोन टेबलावर वाजत राहिला आणि आम्ही तिघंही चहात बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी हॉटेलाकडे निघालो होतो. स्टँडच्या कडेला एक टेम्पो उभा होता आणि त्यातून जावई सामान उतरवत होता. भांडी, गाठोडी आणि पत्रे. साईटवरच्या झोपडीचे पत्रे, चौकटीसकट उचकटून आणलेलं दार. ऊस तोडायला जाणारा माणूस परत जायच्या जागेचं दार काढून आणत नाही.

"कोयत्यावर का?" तरी मी विचारलं.

"न्हाई सर. साईट बंद पडलीय. वाचमन सोडून समदे गेले. स्लॅब अकरावरच हाय, कवाचा."

"मामांना सांगितलं?"

"कोणत्या तोंडानं सांगू? लई आशेनं फोन करतेत. तुमीच सांगा ना सर, तुमचं ऐकतेत ते."

मी "सांगतो" म्हणालो. बाजार नुकताच उघडला होता. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली उभं राहून मी माझे सगळे शेअर विकले. मग हॉटेलात गेलो.

मामांनी मला जागा करून दिली. "सर, आज जरा पडलाय. स्वस्तात मिळतोय, अजून थोडे घ्यावे का?"

तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं म्हणजे माझं वर्षभराचं शहाणपण शेठसमोर चुकीचं ठरवायचं. आणि मी आधीच विकून आलोय हेही सांगायचं. "घाई नको," एवढंच म्हणालो. उद्या एकट्याला गाठून सांगू, असं ठरवलं. विकायचं तर आजच होतं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची कामं बंद पडल्याची बातमी फुटली. बाजार उघडताच लोअर सर्किट. विकणारे सगळे, घेणारा कुणीच नाही. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मामा रोज विक्रीची ऑर्डर टाकत आणि ती तशीच पडून राही. महिन्याभरात ते शेअर म्हणजे मोबाइलवरचा नुसता आकडा राहिला. शेठ एकदाही "मी म्हणालो होतो" असं म्हणाले नाहीत. त्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मुदत संपली आणि मामांनी क्वार्टर सोडलं. भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. सामान हलवायला मी गेलो. मामी भांडी बांधत होत्या. मला बघून उठल्या.

"सर, ह्यांनी सांगितलं मला. तुमचंबी समदं गेलं म्हणं. मनाला लावून घेऊ नका."

मामा म्हणाले, "खरं सांगू का सर? एकटा बुडालो असतो तर लई लागलं असतं. तुमी सोबत हाव, म्हणून निभावलं."

लोखंडी कपाटाचं एक टोक धरून जावई उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मामांकडे बघितलं. मग खाली वाकून म्हणाला, "उचला सर."