विहिरीपाशी मांडलेलं पान

सेतुकाकांच्या आठवणी त्यांच्या दुकानातल्या चिंध्यांसारख्या. कितीही झाडा, मशीनखाली पुन्हा ढीग! परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. आम्ही सगळे तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कॉफी घेऊन बसलो. एकानं किस्सा काढला, आणि कॉफी निवूनच गेली.

*

काका लढाईत पलटणीचे शिंपी होते, तिकडे समुद्रापार बसऱ्याला. परत आले आणि इथं कुंभकोणमला आमच्या शेजारी दुकान टाकलं. पण माप घ्यायची रीत मिलिटरीचीच! गिऱ्हाईक दारात आलं की आधी आरोळी, "अटेन्शन!" भिंतीपलीकडे मी दचकायची. (हल्ली कॉलेजची घंटा झाली तरी दचकते.)

छाती काढून माप दिलं, की शर्टही तसाच बेतला जाणार ना? पोस्टातले एक कारकून तक्रार घेऊन आले. "काका, पाठीत ओढतोय हो!"

"शर्ट बरोबर आहे. तुम्ही वाकताय!"

कारकून ताठ चालू लागले. थोड्याच दिवसांत गल्लीभर बातमी, त्यांना प्रमोशन मिळालं म्हणून!

*

लहानपणी मी विचारलं, "काका, तुम्ही किती जणांना मारलं?"

"एकालाही नाही ग. जे गेले त्यांचे सदरे उसवले, आणि उरले त्यांना शिवून दिले."



*

पण समुद्र ओलांडला होता ना! आमच्या विठ्ठलमठातले वडीलधारे गुंडूपंत म्हणाले, "मुंडण कर, पंचगव्य घे, मग पंगतीला बस."

"सदरे शिवले, पाप नाही केलं. नक्को!"

झालं. उत्सवात सगळ्यांची पानं ओसरीवर, काकांचं एकट्याचं अंगणापलीकडे, विहिरीपाशी. काकू रडायच्या, "एकदा होव म्हणा की! आपल्या पोरीला कोण करून घेईल?" काका ताठ बसून जेवायचे आणि "सांबार!" असे गरजायचे, की वाढप्याच्या हातची पळी पडायची.

*

एकदा पंतांना कलेक्टरसाहेबांच्या भेटीसाठी कोट हवा होता. भर दुपारी मागच्या दारानं आले.

"पंत, हात लागेल. चालेल?"

"टेप लाव. हात नको!"

"बरं. अटेन्शन!"

पंत असे दचकले, की तोल जाऊन काकांच्याच अंगावर! जाताना म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." काकांनी सांगितलं नाही. पण पंतांनी घरी जाऊन अवेळी आंघोळ केली, आणि त्यांच्या बायकोनंच सगळ्या गल्लीला कारण सांगितलं!

*

त्याच वर्षीचं गोकुळाष्टमीचं पारणं. पंगत बसली. पानांवर नुसतं मीठ न् लोणचं. तेवढ्यात माझ्यामागं कुणाच्या तरी हातून पितळी घंगाळ पडलं. अय्यो! मी पान उचलून जी पळाले, ती थेट विहिरीपाशी, काकांना चिकटून बसले.

आई मला ओढायला आली. काकांकडं बघितलं, आणि स्वतःचं पान मागवून तिथंच बसली. मग बाबा. मग ते ताठ कारकून, सहकुटुंब. मग एकेक करत बाकीची पंगत. वाढपी ओसरीवर भाताचं पातेलं घेऊन उभा. वाढू कुणाला? तोही अंगणात उतरला.

काकू पदराआड हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

ओसरीवर पंत एकटे. बराच वेळ पान धरून पायरीवर उभे राहिले. काकांनी शेजारची जागा हातानं झाडली.

"या की पंत! मधे अंगण आहे, समुद्र नव्हे!"

पंत उतरले.