फॉइलमधला हिरवा उजेड

मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच दम देते, हे आधीच सांगते. म्हणजे पुढचं वाचून कोणी मला ताईत पाठवायला नको.

निघोज्याच्या अलीकडे, चाकण एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. दोन प्रोटीन एकमेकांना धरून बसतात, त्यांची पकड सोडवणारं औषध शोधणं हे आमचं काम. त्यासाठी पेप्टाइडला, म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्याला, हिरवा चमकणारा रंग जोडलेला असतो. त्याला आम्ही प्रोब म्हणतो. निळा प्रकाश टाकला तरच तो चमकतो, अंधारात आपणहून नाही. शिवाय उजेडात फार वेळ राहिला तर चमक कायमची जाते. म्हणून मोजणी डार्करूममध्ये. मोबाईल बाहेर ठेवायचा, आणि कोणी चुकून दार उघडू नये म्हणून बाहेरून कडी! काम झालं की आतून इंटरकॉम करायचा... अशी आमची पद्धत.

त्या गुरुवारी आसपासच्या कंपन्यांना सुट्टी होती. आमच्याकडे मी, माझी सहकारी प्राजक्ता आणि गेटवर वॉचमन सोपानमामा, एवढेच. नवे प्रोब ड्राय आइसमध्ये, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, आले होते. मी अतिशहाणी, थर्माकोलचा अख्खा डबा घेऊन आत गेले. प्राजक्ताने कडी लावली आणि ती जेवायला बाहेर पडली. मी पहिली ट्यूब हातात घेतली, उजेड लागू नये म्हणून तिच्यावर गुंडाळलेला फॉइल अजून काढायचा होता, तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. इंटरकॉमही बंद.

दार बडवलं, हाका मारल्या... कोणी नाही. हळूहळू डोकं ठणकायला लागलं, धाप लागली. मग कळलं — ड्राय आइसचा गॅस खोलीत भरतोय. जाम घाबरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पकडी सोडवतेय आणि मला सोडवायला कोणी नाही, असं वाटून रडूच आलं. ट्यूब मुठीत धरून दाराशी बसले. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी बाहेर, खिडकीखाली होते. सोपानमामा पुठ्ठ्याने वारा घालत होते.

"मामा, हाका ऐकू आल्या का माझ्या?"

"न्हाई बा. लाईट का गेली म्हून मी बोर्ड बघाया वर आलो. तर तुमच्या दाराखालनं हिरवा उजेड! म्हनलं, काय पेटलं का काय."

"आत काहीच पेटलं नव्हतं."

"मग मी काय बघून कडी काढली?" मामा चिडलेच.

प्राजक्ता म्हणाली, भास झाला असेल त्यांना. मीही तेच म्हणाले असते. पण दुसऱ्या दिवशी मुठीतली ती ट्यूब यंत्रात लावली. फॉइल तोपर्यंत जसाच्या तसा गुंडाळलेला होता — आणि चमक शून्य. दिवसभर उन्हात ठेवल्यासारखी. त्याच डब्यातल्या बाकीच्या ट्यूबा ठणठणीत!

रिपोर्टमध्ये मी 'माल खराब' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

दाराची कडी मात्र मी स्वतः स्क्रू काढून उखडली. मेलेला प्रोब टाकून द्यायचा असतो. हा अजून फ्रीजमध्ये आहे. मला टाकवत नाही.