फ्लामेंकोवाला खोटारडा

मला फसवणारा माणूस परवा गेला.

हार्ट अटॅक. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला, ऑफिसच्या जिन्यात. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

नाव लिहीत नाही. आखनवाल्यांना कळेल.

२००५. आम्ही दोघं जर्मनीतल्या आखनला पीएचडी करत होतो. लग्न करायचं ठरलं होतं. म्हणजे, माझं ठरलं होतं.

एका संध्याकाळी तो मला स्पॅनिश लोकांच्या छोट्या हॉलमध्ये फ्लामेंको ऐकायला घेऊन गेला. गाणारी बाई सत्तरीची. माईक नाही, सोबत एक गिटार. तिने आवाज लावला आणि माझ्या अंगावर काटा आला.

जर्मन मंडळी हाताची घडी घालून चिडीचूप. आणि आमचे साहेब मध्येच मोठ्याने, "क्या बात है!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र खूश! पुढची ओळ तिने त्याच्याकडे बघून म्हटली.

नंतर त्याने तिला जर्मनमध्ये विचारलं, "प्रेमाचं गाणं आहे ना?"

"गेनाऊ," बाई म्हणाली. "प्रेमाचंच. पण तो न सांगता निघून गेलाय. ती शिव्या देतेय त्याला. अजून वाट बघतेय ना, म्हणून."

बसमध्ये तो मला म्हणाला, "काय नालायक असेल गं तो! मी नाही हं असा जाणार."

माझा विश्वास बसला. का बसू नये?

डिसेंबरमध्ये पुण्याला गेला. पंधरा दिवसांत येतो म्हणाला.

लग्न करून आला.

मला कळलं ते युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, जेवणाचा ट्रे हातात असताना. एका मित्राने पेढा पुढे केला. "घे की, आपल्या पठ्ठ्याच्या लग्नाचा!"

मी तो पेढा खाल्लासुद्धा. सगळे बघत होते.

त्याने भेटून सांगितलं नाही. फोन नाही. साधी ईमेलही नाही.

काल त्याच्या बायकोला फोन केला. तिचा बिचारीचा काय दोष?

ती रडत होती. रडता रडता थांबून म्हणाली, "ताई, माफ करा हं, पण आपण ह्यांच्या कोण?"

म्हणजे घरात माझं नावही कधी निघालं नव्हतं.

"आखनच्या ओळखीतली," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि रडले. लेकीने दारातून जर्मनमध्ये विचारलं, "ममा, वास इस्ट लोस?" काय झालं म्हणून.

"काही नाही गं. ओळखीचे एक काका गेले."

काका!

ना मला सुतक, ना दहावं. त्या गाणाऱ्या बाईचा हेवा वाटतो. तिला भरल्या हॉलमध्ये ओरडता तरी येत होतं.

इतकी वर्षं मनात भांडण तयार ठेवलं होतं रे. कधीतरी कुठेतरी भेटशील, तेव्हा चांगलं सुनावीन म्हणून. सगळी वाक्यं पाठ आहेत.

आता कुणाला ऐकवू?

श्रद्धांजली घे. भावपूर्ण आहे की नाही, ते तुझं तू ठरव.