आईच्या पावलांनी मोजलेली दोरी

उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. म्हणून तरणतलावात भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, वर झेंड्यांची दोरी लावतात. ती दिसली की हात मोजायचे आणि वळायचं. नव्वदच्या दशकात वाशीच्या आमच्या तलावावर अशी दोरीच नव्हती. मग आईनेच सुतळीला जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. आई साताऱ्याकडची, विहिरीतसुद्धा न डोकावणारी. टेप कुठली? तिने पावलांनी अंतर मोजलं. पोहायला शिकवणारे सर म्हणाले, "चालेल." तेव्हा आमचं सगळं 'चालेल'वरच चालायचं.

दोरी दिसली की सहा हात, मग पलटी. झोपेतून उठवलं तरी सहाच सांगितले असते. राज्याच्या स्पर्धांनाही कुठे झेंडे नसायचे, पण आई पिशवीत सुतळी घेऊन हजर. चौदाव्या वर्षी निवड झाली आणि मी भारताकडून बँकॉकला गेले. आईविना, पहिल्यांदाच.

तिथे सरावात दोरी दिसली. सहावा हात उचलला आणि डोकं धाडकन भिंतीवर. सर म्हणाले, "इथली दोरी बरोबर आहे. पाच मोज." म्हणजे आमची चूक? आणि हे आत्ता सांगताय? शर्यत दुसऱ्या दिवशी. जिन्यात, बसमध्ये, दात घासताना पाच, पाच, पाच.

अंतिम शर्यतीत पहिली पलटी जमली. शेवटी दोरी दिसली, पाच मोजले आणि घाबरून मान वळवून बघितलं. भिंत हातभर लांब होती. तेवढ्यात शेजारच्या लेनमधली भिंतीला टेकली. मी चौथी. चौथी म्हणजे खाली उभं राहून टाळ्या वाजवणारी.

घरी आईने पदकाचं विचारलंच नाही. केसांतून हात फिरवला, तो टेंगळावर थांबला.

"कुठं आपटलीस गं? म्हनून तर मी दरयेळी दोन पावलं जास्ती धरायची. डोस्कं आपटाय नको तुजं."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. म्हटलं, "बाथरूममध्ये घसरले."

दुसऱ्या दिवशी टेप लावून मी दोरी पाच मीटरवर आणली. आई आली. वर बघितलं आणि भिंतीपासून पावलं टाकत निघाली. दोन पावलं आधीच दोरी आली. ती पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून मी भिंतीजवळ आले की दर वेळी ती उठून उभी राहायची.