निकमबाईंचा अर्ज

निकमबाई सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीचं ऑफिस उघडायच्या, कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या आणि सरळ बाहेर पडायच्या. टाकीत पाणी किती चढलंय ते बघायच्या, वॉचमनला दोन शब्द सुनवायच्या, लिफ्टमध्ये कुणी पान थुंकलंय का ते तपासायच्या. एवढं सगळं करून त्या खुर्चीत येऊन बसायच्या, तेव्हा कुठे स्क्रीनवरचा बाण हलायला लागलेला असायचा.

ऐरोलीच्या या सोसायटीत मी राहायला आलो त्याच आठवड्यात मला पासपोर्टसाठी एक पत्र हवं होतं. वीस मिनिटं मी त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बाकावर बसलो. माझा स्वभाव मुळातच तापट. सरकारी नोकरीत जन्म गेला तरी तो काही निवला नाही. बाई आल्या तसा मी कडाडलो, "अहो, हे ऑफिस आहे की धर्मशाळा?" बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "ओरडून ते लवकर उठत न्हाई, काका. मी रोज बगते." आणि कागद ओढून पत्राचा मजकूर हातानेच लिहून माझ्यापुढे ठेवला. "वाचून घ्या. चूक असंल तर आत्ताच सांगा. मग नुसतं टाइप करायचं ऱ्हाईल."

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. बारावी आणि टायपिंगची परीक्षा एवढ्या शिदोरीवर त्या सोसायटीच्या मॅनेजर झाल्या होत्या. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी. पोती वाहून पाठ गेली आणि घरी बसला. मुलगी नर्सिंग शिकत होती. म्हणजे घर चालायचं ते बाईंच्या पगारावर, पण हे मला दुसऱ्यांकडून कळलं. बाई स्वतःचं काही सांगायच्या नाहीत.

त्यांचा एक नियम होता. "ज्याचं त्याला इचारल्याबिगर हात लावू नये." पार्किंगमध्ये एक मोडकी सायकल कित्येक वर्षं पडून होती. मी शंभरदा म्हटलं, फेकून द्या ती. बाई म्हणायच्या, "मालक हाय तिला." फ्लॅट भाड्याने देऊन दुबईला गेलेल्या त्या मालकाला बाईंनी हुडकून काढलं, फोनवर त्याचा होकार घेतला आणि त्याच दुपारी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला होता.

मागच्या वर्षी नवे चेअरमन आले. चाळिशीतला माणूस, आयटी पार्कात नोकरी, रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचा पट्टा. आल्या आल्या त्यांनी शोध लावला की ऑफिसचं काम फार रेंगाळतं. कारण काय? "मॅडम स्लो आहेत. एजन्सीचा स्मार्ट माणूस आणू." वार्षिक सभेची नोटीस लागली, त्यात विषय होता: व्यवस्थापक बदलणे.

माझं डोकंच फिरलं. अहो, हा गृहस्थ दिवसभर कॉम्प्युटरवर बसून पोट भरतो, आणि याने एकदाही त्या खुर्चीत बसून बघितलं नाही की स्लो कोण आहे! बाई का ते खोकड? मी तणतणत ऑफिसात गेलो. "निकमबाई, या मशीनला झालंय तरी काय, मला दाखवा."

"म्हातारं हाय, पण एवढं न्हाई," बाई म्हणाल्या आणि एक यादी उघडली. "ते चालू झालं की त्येच्यासंगं हे एवढं सगळं उठतंय, बगा." यादी संपता संपेना. त्यात अँटिव्हायरस एक नाही, दोन नाही, तीन! "पयलं जुन्या सेक्रेटरींनी घातलं. तिसरं आत्ताच्या कमिटीचं. तिघं दिवसभर एकमेकांची झडती घेत बसत्यात."

"आणि दुसरं?"

"ते तुमचं, काका."

हात्तिच्या! दोन वर्षं मी सेक्रेटरी होतो, आणि भाच्याच्या सांगण्यावरून मीच ते मोठ्या ऐटीत घातलं होतं. आमच्याकडची रीतच ही. नवी कमिटी आली की स्वतःचं काहीतरी घालणार. जुनं काढायची जबाबदारी मात्र कुणाच्या बापाची नाही. पुढे एका खजिनदाराचं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर होतं. सात वर्षांच्या गणपती विसर्जनाचे व्हिडिओ होते. हार्ड डिस्क गळ्यापर्यंत भरली होती.

"मग काढलं का नाहीत?" मी ओरडलो.

"आमी पगारी माणसं. मेंबरांनी घातलेलं मी काढलं आन् उद्या काय गेलं, तर नाव कुणाचं?"

"अहो, कमिटीला विचारायचं होतं!"

बाई उठल्या, कपाटातून फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. दोनपैकी एकच अँटिव्हायरस ठेवावा, मशीनबरोबर आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करण्यास परवानगी मिळावी, असा स्वच्छ अक्षरातला अर्ज. खाली लाल शाईत शेरा: 'पुढील सभेत पाहू.' त्याखाली सही माझी.

मला तो अर्ज आठवतसुद्धा नव्हता. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच चिडतो. "काढा सगळं," मी म्हणालो, "माझ्या जबाबदारीवर." मला वाटलं होतं, आता कुणाला तरी बोलवावं लागेल. डोंबल! बाईंनी माउस हातात घेतला. व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर उतरवले, दोन अँटिव्हायरस काढले, यादीतला एकेक प्रोग्राम बंद केला. लेकीचं जुनं मशीन त्यांनी घरी असंच मार्गी लावलं होतं. तासाभरात काम झालं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि बाई सवयीने टाकी बघायला निघाल्या. दारापर्यंत पोचल्या नाहीत, तोच मागे स्क्रीन उजळला. "आगं बाई! उठलं की!" त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी तो अर्ज फाइलमधून काढून खिशात घातला. "रविवारी सभेत मी स्वतः वाचून दाखवतो. माझ्या शेऱ्यासकट. बघतो तुम्हाला कोण काढतं ते!"

रविवारी हॉल भरलेला होता. निकमबाई नेहमीप्रमाणे बाजूच्या टेबलाशी इतिवृत्त लिहायला बसल्या होत्या. विषय निघताच मी उठलो, ऑफिसातून उचलून आणवलेलं मशीन सगळ्यांसमोर चालू करून दाखवलं. ते पटकन सुरू झालं. टाळ्यासुद्धा पडल्या. मी विजयी मुद्रेने चेअरमनकडे पाहिलं.

चेअरमन हसले. "थँक यू, काका. म्हणजे हे काम एका तासाचं होतं. मग मॅडमनी इतकी वर्षं का नाही केलं? लोकांना ताटकळत ठेवलं ना?"

बघा या माणसाचा कावा! हॉलमध्ये कुजबुज झाली. माना हलल्या.

"मी अर्ज दिलता," बाई हळूच म्हणाल्या.

"कुठाय? दाखवा."

बाईंनी फाइल उघडली, एक पान उलटलं आणि त्यांना आठवलं. त्यांनी फाइल मिटली. "फायलीत न्हाई," एवढंच म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

माझा हात खिशाकडे गेला होता. समोर दीडशे माणसं; त्यांतल्या निम्म्यांना तरी मी आजवर कशा ना कशावरून झापलेलं. शेजारी बायको. तो लाल शेरा मोठ्याने वाचायचा होता, बस्स. मी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

ठराव मांडला गेला. हात वर झाले. निकमबाईंनी पेन थांबवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "विरोध कुणाचा हाय का? लिवायला लागतंय."

कुणीच बोललं नाही. क्षुल्लक गोष्टींवरून आकाशपाताळ एक करणारा मी, मीही बोललो नाही. बाईंनी स्वतःच्याच अक्षरात लिहिलं: ठराव एकमताने मंजूर.

महिनाअखेरीला त्या किल्ल्या द्यायला आल्या तेव्हा मी ऑफिसात गेलो. चेअरमनला चार शिव्या घातल्या, आंधळ्या, मतलबी लोकांना घातल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्स खांद्याला लावून म्हणाल्या, "काका, तो कागद तेवढा फायलीला परत लावा. मी नंबर टाकून ठिवलेत. मधलाच न्हाई दिसला तर पुढच्या माणसाला वाटंल, मी हारवला."